होडीचा उपप्रश्न

ताडगोळे संपत आले की माझ्या मनात अधिवेशन सुरू होतं. बाकीच्यांना ते जुलैत पेपरातून कळतं. विरोधक आक्रमक होणार, सरकार उत्तर द्यायला तयार, असे दरवर्षीचे मथळे येतात आणि मी ते पेपर वाचनालयाच्या लाकडी स्टँडवर पट्टी लावून अडकवतो. पण विधानसभेत जुलैत विचारायचा प्रश्न त्याच्या खूप आधी, घामाच्या धारा लागलेल्या असतात तेव्हाच लिहून पाठवावा लागतो. आमच्याकडे तो भिवंडीत, टेमघरच्या आमच्या दोन खोल्यांत लिहिला जायचा. फरशीवर कागद पसरलेले, मध्ये ताडगोळ्यांचं पातेलं आणि कागदांवर त्या पाण्याचे डाग. माझी बायको शैला प्रत्येक ताडगोळ्याची साल नखाने अलगद काढायची. वामन सालीसकट खायचा.

वामन म्हणजे आमच्या भागाचा तेव्हाचा आमदार. गावासाठी वामनशेठ. माझ्यासाठी पाचवीपासून एका बाकावर बसलेला वामन. त्याच्या घरची खाडीकाठची भातशेती होती, आवाज नदीपलीकडे जाईल असा होता, आणि लिहायचा मात्र त्याला मनापासून कंटाळा. तो निवडून आला, त्याचा पक्ष विरोधात बसला, आणि पहिल्याच महिन्यात तो वाचनालयात येऊन माझ्या टेबलावर वाकला.

"काय रं बुकवाल्या, एवढी पुस्तकं वाचतंस, जरा माझ्यासाठी लिही की. तू लिही, मी वरडतो."

तेव्हापासून त्याचे प्रश्न मी लिहू लागलो. तारांकित प्रश्नाला ठरलेला साचा असतो. अमुक गोष्ट घडली हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कारवाई केली, आणि शेवटी, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. मला तो साचा आवडायचा. आयुष्यात कुणाला एवढं सरळ विचारता येत नाही. सरकारची उत्तरंही साच्यातलीच असायची. "हे खरे नाही." आणि त्याखाली, "प्रश्न उद्भवत नाही." शैला ते वाचून हसायची. म्हणायची, "अहो, तुम्ही एवढा घाम गाळून प्रश्न उभा केलात, आणि ते म्हणतात उद्भवतच नाही."

शैला नर्स होती. खारबावच्या पुढे खाडीलगत एक गाव आहे, तिथल्या आरोग्य उपकेंद्रात तिची ड्युटी. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या गावाला आधीच खूप नावं ठेवली गेली आहेत. सकाळी शेअर रिक्षाने नाक्यापर्यंत, तिथून शेतांच्या बांधावरून चालत, आणि मग साकव. तीन गाळ्यांचा छोटा पूल, एका बाजूचा कठडा केव्हाच गेलेला, मधला गाळा खचून पाटीसारखा खोलगट झालेला. खाडीला उधाण आलं आणि वरून पाऊस असला की साकव पाण्याखाली जायचा. मग बाया साड्या खोचून, एकमेकींचे हात धरून, पायाने सिमेंट चाचपत जायच्या. शैलाच्या खांद्याला लसींचा निळा डबा असायचा. एका हाताने तो धरायचा, म्हणजे दुसऱ्याचा हात धरायला एकच हात उरायचा. घरी आल्यावर तिच्या पायांना खाडीचा चिखल असायचा, वाळला की राखाडी. मोरीत ती पाय धुवायची, आणि पाण्याबरोबर खाडीकाठच्या तिवराच्या झाडांच्या मुळ्यांचा कुबट वास घरभर पसरायचा. आजही भरतीच्या वेळी वाऱ्यावर तो वास आला, की मला वाटतं मोरीत कुणीतरी आहे.

वीस वर्षांपूर्वी मेअखेरीस साकवाचा प्रश्न लिहायला बसलो, तेव्हा मी साच्याप्रमाणे लिहीत गेलो. साकव धोकादायक झाला आहे हे खरे आहे काय, नवीन पुलास मंजुरी देण्यात येणार आहे काय. शैला दारात बसून निळ्या डब्याचं झाकण पुसत होती. ती म्हणाली, "पूल राहू द्या भावोजी. होडी मागा."

"होडी?" वामन म्हणाला. "वैनी, मी विधानसभेत होडी मागू? लोक मना कोळी समजतील."

"समजू द्या. पुलाला पाच वर्षं लागतात. होडीला दोन दिवस. साकव बंद करा आणि एक होडी आणि एक माणूस द्या, एवढंच म्हणा."

वामनने माझ्याकडे बघितलं. "बघ बुकवाल्या. तुझ्यापेक्षा वैनी शानी हाय."

छापील प्रश्नात पूलच राहिला. पण मी एका चिठ्ठीवर उपप्रश्न लिहून दिला. खरी गंमत उपप्रश्नातच असते. छापील प्रश्नाला छापील उत्तर येतं, ते अधिकाऱ्यांनी लिहिलेलं असतं. पण सभागृहात प्रश्न पुकारला गेला, आमदार उभा राहिला आणि त्याने तोंडी विचारलं, की मंत्र्याला जागेवर बोलावं लागतं. तिथे निघालेला शब्द लिहून घेतला जातो, त्याचा पाठपुरावा होतो. चिठ्ठीवर मी लिहिलं होतं: "पूल होईपर्यंत सदर साकव बंद करून शासन तेथे दोन दिवसांत होडीची सोय करील काय?" वामनने ती घडी करून झब्ब्याच्या खिशात ठेवली. शैलाने त्याला आणखी एक ताडगोळा दिला, या वेळी सोललेला.

आठवणींचा मोसम सरळ पुढे जात नाही. मी हे लिहितो आहे आणि समोर वामनची खुर्ची आहे. वाचनालयात खिडकीजवळ, उजवा हात मोडलेली. आमदारकी गेल्यावर तो रोज अकराला येऊन तिथे बसायचा, पेपर पार शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचा. या वैशाखात तो गेला. दुपारी जेवून पडला, तो उठलाच नाही. खुर्चीवर अजून कुणी बसत नाही. बसू नका असं मी कुणाला म्हटलेलं नाही.

तर त्या जुलैत त्याचा फोन आला, आवाजात लहान मुलासारखा आनंद. "बुकवाल्या, आपला साकव लागला! दुसऱ्या नंबरला लागला!" शेकड्यांनी प्रश्न जातात, त्यातले थोडेच तोंडी उत्तराला पोचतात. दुसऱ्या नंबरला लागणं म्हणजे नक्की पुकारला जाणं. शैलाने त्या संध्याकाळी गोड केलं. शेवयांची खीर. ती म्हणाली, "आमच्या गावातल्या बायांना सांगते उद्या." मी म्हटलं, "थांब, आधी होऊ दे." तिने तरी सांगितलंच असणार.

त्या दिवसाची सकाळ मला मिनिटामिनिटाने आठवते. नऊ वाजता मी वाचनालय उघडलं. वीज नव्हती. त्या वर्षी आमच्या शहरात भारनियमनाने लोकांचे हाल केले होते. ज्यांनी भिवंडी ऐकली आहे त्यांना सांगायला नको, इथे यंत्रमागांची खटखट सतत असते, ती आपण ऐकतही नाही. पण वीज गेली की एकदम सगळे माग थांबतात, आणि ती शांतता कानाला लागते. समोरच्या गल्लीत लूमवरचे कामगार उंबऱ्यावर बसले होते, पायजमे गुडघ्यापर्यंत ओढून. आमचे रोजचे वाचक, चार मागांचे मालक अब्दुलचाचा, पुठ्ठ्याने वारा घेत पायरीवर बसले होते. "मास्टरजी, तुमच्या आमदाराला सांगा," ते म्हणाले. "पंखा नहीं तो नहीं, लूम तो चालू करो." ते मला मास्टरजी म्हणत, मी कधी मास्तर नव्हतो तरी.

तेवढ्यात फोन वाजला. वामन मुंबईहून बोलत होता, मागे बरेच आवाज होते.

"ऐक. आता पक्षाची बैठक झाली. भारनियमनावर आज सभात्याग हाय. प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला की सगळ्यांनी बाहेर पडायचं."

"आणि आपला साकव?"

"तेच विचारतोय तुला. मी आत राहिलो तर एकटा राहणार. पक्ष बोंबलेल. बोंबलू दे. पण मना कळंना झालंय. लूमवाले बी आपलेच, आणि साकव बी आपलाच. तू सांग. तू सांगशील तसं करतो."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. उंबऱ्यावरचे कामगार. थांबलेलं शहर. मला त्या क्षणी फार मोठं काहीतरी वाटलं. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला मोठ्या गोष्टींचा मोह लवकर होतो. एका बाजूला सगळं शहर, दुसऱ्या बाजूला तीन गाळ्यांचा साकव. आणि त्यावरून माझीच बायको जाते म्हणून मी त्याला आत बसायला सांगितलं, तर तो स्वार्थ होईल, असंही वाटलं. मी म्हटलं, "जा वामन. सगळ्यांबरोबर बाहेर पड. साकव पुढच्या आठवड्यात लक्षवेधी सूचनेत घेऊ."

तो म्हणाला, "वैनीला विचारतंस का एकदा?"

"तिला काय विचारायचं? ती समजूतदार आहे."

शैला त्या वेळी साकव ओलांडून पलीकडे पोचली असेल. तिला विचारायला फोन नव्हता, हे खरं. पण मी विचारणार नव्हतो, हेही खरं.

सभागृहात काय झालं ते नंतर कळलं. घोषणा झाल्या, विरोधक बाहेर पडले. रिकाम्या बाकांसमोर दुसरा प्रश्न पुकारला गेला. सदस्य गैरहजर. तिसरा प्रश्न. सगळं मिळून तेवढा वेळ, जेवढा मला हे वाक्य लिहायला लागला.

संध्याकाळी शैला आली, पाय धुतले, पदराने तोंड पुसत विचारलं, "काय झालं? मंत्री काय म्हणाले?"

"पक्षाने सभात्याग केला," मी म्हटलं.

"म्हणजे भावोजींना बोलूच दिलं नाही?"

मी म्हटलं, "हो. तसंच."

तिने पदर पुन्हा खोचला. मग म्हणाली, "बिचारे. केवढे खूश झाले होते." आणि उरलेली खीर तिने मला वाढली.

लक्षवेधी लागली नाही. दहाव्या दिवशी लसीकरणाचा वार होता. अमावस्येचं उधाण आणि पहाटेपासून पाऊस. मी म्हटलं, "आज नको जाऊस." ती म्हणाली, "बाया पोरं घेऊन बसलेल्या असतात हो." दुपारी भरती उतरत असताना ती परत निघाली. मधला गाळा गेला. पलीकडच्या काठावर दोघी जणी होत्या, त्यांनी पाहिलं. त्यांनी सांगितलं, सिस्टरने डबा सोडला नाही.

ती दुसऱ्या दिवशी सापडली. निळा डबा त्याच्या आदल्याच संध्याकाळी तिवरांच्या मुळ्यांत अडकलेला मिळाला होता. झाकण तिने नेहमीसारखं घट्ट लावलेलं. आतल्या बर्फाचं पाणी झालं होतं, पिशवीतल्या बाटल्या कोरड्या होत्या.

तेराव्यानंतर छापील उत्तर पोस्टाने आलं. सदस्य गैरहजर असला तरी लेखी उत्तर पटलावर ठेवतात, त्याची प्रत. "(१) हे खरे नाही. (२) साकवाची किरकोळ दुरुस्ती प्रस्तावित आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही."

त्याआधी, तिसऱ्या दिवशी, वामन घरी आला होता. खोलीत आणि जिन्यावर तिच्या उपकेंद्राच्या गावचे लोक होते. एक म्हातारी उठून उभी राहिली आणि तिने त्याच्या तोंडावर विचारलं, "शेठ, त्या दिवशी कुठं होतास रं? सिस्टर सांगून गेली होती, आमचा शेठ आज बोलनार हाय. कुठं होतास?"

वामनने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मदत मागायलाही नाही. नुसतं पाहिलं. मी जमिनीवरच्या दिव्याकडे पाहत राहिलो. कुणीतरी तिथे उलटी टोपली झाकली होती, वाऱ्याने विझू नये म्हणून. तिच्या विणीतून उजेड बाहेर येत होता. ती वीण मला आजही काढून दाखवता येईल.

वामन म्हणाला, "चुकलं माझं, आय."

त्या दिवसापासून गावाने ते धरलं. प्रश्न विचारायच्या वेळी पळाला. नाक्यावर, चहाच्या टपरीवर, दापोडेच्या गोदामांत माल उतरवताना, सगळीकडे तेच. अब्दुलचाचाही म्हणाले, "लाईट के लिए गए, मानता हूं. लेकिन एक सवाल पूछ के जाते ना." आणि मी पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारत राहिलो.

हिवाळी अधिवेशन नागपूरला होतं. साकवाचा प्रश्न त्याने पुन्हा टाकला, मला न सांगता, स्वतःच्या अक्षरात. त्या दिवशीही त्याच्या पक्षाने दुसऱ्याच कारणावरून सभात्याग केला. तो उठला नाही. पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या, विरोधी बाकांवर एकच सदस्य बसून असल्याने सभागृहात हशा पिकल्याच्या. पुढे त्याने मला कार्यवाहीची प्रत आणून दिली. ती मी बांधून ठेवली आहे. त्यात त्याचं बोलणं दोन ओळींचं आहे. "अध्यक्ष महाराज, पूल नंतर द्या. होडी उद्या द्या. एक माणूस आणि एक होडी. मी खाली बसणार नाही." मंत्री म्हणाले, देतो. आणि दिली. आठवडाभरात होडी आली. दोन वर्षांनी पूलही झाला. पक्षाने पुढच्या वेळी त्याचं तिकीट कापलं, शिस्त मोडली म्हणून. तो अपक्ष उभा राहिला आणि पडला, कारण गावाच्या लेखी तो पळालेलाच होता. शैलाच्या गावातूनही त्याला मतं पडली नाहीत. त्या निवडणुकीत एकदा जरी मी नाक्यावर उभा राहून सांगितलं असतं! मी मतदान केलं, त्यालाच केलं, बोटाला शाई लावून घरी आलो आणि दार लावून घेतलं.

एकदा मी बोलायचा प्रयत्न केला होता. तो खिडकीजवळच्या खुर्चीत होता. चाचांनी पेपरातून डोकं वर काढून नेहमीचा टोमणा मारला होता, "क्यों शेठ, आज वॉकआउट नहीं?" आणि वामन नेहमीसारखा हसला होता, "आता कुठं जाऊ चाचा, खुर्चीचा एक हात बी तुटलाय." चाचा गेल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. म्हटलं, "वामन, त्या दिवशीचा फोन..."

त्याने पेपराची घडी घातली. "राहू दे रं. सभागृहात चिठ्ठी कुणी लिहिली ते कोण विचारत न्हाय. जो उभा राहतो त्याचं नाव लागतं. बाहेर पडताना बी तसंच."

त्याने मला सोडून दिलं, असं मी तेव्हा समजलो. घरी जाऊन मी शांत झोपलो, हे लिहितानाही लाज वाटते. त्याने फक्त स्वतःचं ओझं सांगितलं होतं. माझं उचलतो, असं तो म्हणाला नव्हता. ते न बोलता त्याने उचललेलंच होतं, रोज अकरा वाजता, माझ्या समोर बसून.

गेल्या महिन्यात वाचनालयात त्याची शोकसभा झाली. मी ग्रंथपाल, म्हणून मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो, ते नियमित वाचक होते. त्यांनी एकही पुस्तक उशिरा परत केलं नाही. लोकांनी मान हलवली. खाली उतरताना चाचा शेजारच्याला सांगत होते, "आदमी हीरा था. बस, उस दिन भागना नहीं था."

काल मी त्या गावाला गेलो. पूल चांगला आहे, रुंद, दोन्ही बाजूंना कठडे. त्यावरून आता टेम्पो जातात. होडी काठावर तिवरांच्या सावलीत उलटी पडली आहे, तळाच्या फळ्या निघालेल्या. एक बाई तिच्यावर सुकट वाळवत होती. मला ओळखून म्हणाली, "सिस्टरचे मालक ना? बसा." मी त्या होडीवर जरा वेळ बसलो.

आज सकाळी चाचा आले, तेव्हा मी पेपर स्टँडवर लावत होतो. सोमवारपासून पावसाळी अधिवेशन. मी पट्टी आवळली आणि त्यांच्याकडे पाठ असतानाच सगळं सांगितलं. फोन, खिडकी, मी काय म्हणालो ते. वळून पाहिलं तर चाचांनी चष्मा काढला होता.

"वामनशेठ को मालूम था, तुम नहीं बोलोगे?"

"मालूम होतं."

"फिर भी रोज आता था? यहीं?"

"रोज."

चाचा उठले. काठी शोधायला त्यांना वेळ लागला. ते खिडकीजवळ गेले, वामनच्या खुर्चीच्या मोडक्या हातावर त्यांनी तळवा ठेवला. "और मैं उसको रोज..." एवढंच म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. उद्या येतील की नाही, ठाऊक नाही.

हा लेख मी आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकाला देणार आहे. गावात तो बहुतेक घरांत जातो. देण्याआधी जुन्या सवयीने एक कोरा कागद घेतला आणि साच्यात लिहिलं.

(१) सभात्यागाच्या दिवशी सकाळी आमदारांना साकवाचा प्रश्न सोडून बाहेर पडण्यास ग्रंथपालाने सांगितले, हे खरे आहे काय?

(२) असल्यास, त्यांच्यावर वीस वर्षे ठपका येत असताना ग्रंथपाल गप्प राहिला, हे खरे आहे काय?

(३) असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पहिल्यापुढे लिहिलं, होय, हे खरे आहे. दुसऱ्यापुढेही तेच. तिसऱ्यापुढे आधी 'प्रश्न उद्भवत नाही' असं हाताने आपोआप उमटलं, ते खोडलं. 'भीती' लिहिलं, तेही खोडलं, कारण ते अर्धंच होतं. समोरचे माग चालू होते, खटखट येत होती. बऱ्याच वेळाने लिहिलं:

हे सांगायचं तर आधी शैलाला सांगायला हवं होतं. तिने विचारलं होतं, तेव्हा मी तिला दुसरंच उत्तर दिलं.